प्लूटो आणि त्याचे शेजारी: बटुग्रहांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या शाळांच्या पटांगणात आणि देवळांच्या प्राकारात आम्ही दुर्बीण लावतो. शनीची कडी पाहून झाली की रांगेतलं कोणीतरी विचारतंच, "सर, तो प्लूटो खंय गेलो?" कार्यक्रम संपून घरी पोचेपर्यंत फोनवर आणखी दोन-चार प्रश्न आलेले असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल; जिथे एका प्रश्नात दुसरा गुंतलाय तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. बटुग्रह म्हणजे नेमकं काय?

सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला, पण आपल्या वाटेवरच्या परिसरावर स्वतःचं राज्य नसलेला गोल म्हणजे बटुग्रह. शिवाय तो कोणाचा चंद्र असता कामा नये. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागच्या अधिवेशनात मंजूर केली.

गोल होण्याची अट का, हे बरेच जण विचारतात. लहान दगड कसाही वेडावाकडा राहू शकतो, कारण त्याचा कठीणपणा त्याच्या गुरुत्वाकर्षणाला पुरून उरतो. आकार काहीशे किलोमीटरपर्यंत वाढला की पारडं फिरतं. उंचवटे खचतात, खोलगट भाग भरून येतात आणि गोळा वळला जातो. बर्फाळ पिंडांना हे खडकाळ पिंडांपेक्षा लहान आकारातच साधतं. सूर्याभोवती फिरणं आणि गोल असणं या अटी ग्रहालाही लागू आहेत. सगळा वाद आहे तो वाटेवरच्या राज्याचा, म्हणजे ग्रहाने 'वाट मोकळी केलेली असणे' या तिसऱ्या अटीचा, त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

२. बटुग्रह आणि लघुग्रह एकच का?

वेगळे. लघुग्रह म्हणजे मुख्यतः मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरणारे लाखो लहानमोठे खडक. त्यांतले बहुतेक बटाट्यासारखे ओबडधोबड असतात. बटु म्हणजे ठेंगणा. वामनाला आपण बटुमूर्ती म्हणतो, तोच हा बटु. घोटाळा होतो तो सेरेसमुळे, कारण तो लघुग्रहांच्या पट्ट्यात राहतो आणि गोल असल्यामुळे बटुग्रहांतही मोडतो.

३. बटुग्रह एकूण किती आहेत?

अधिकृत यादीत पाच. सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या क्रमाने: सेरेस, प्लूटो, हौमेया, माकेमाके, एरिस. सेरेस सोडला तर बाकी चौघे नेपच्यूनच्या पलीकडच्या बर्फाळ प्रदेशातले. क्वावार, गोंगगोंग, ऑर्कस आणि सेडना या चौघांनाही बहुतेक खगोलशास्त्रज्ञ बटुग्रहच समजतात, फक्त त्यांच्या नावावर अजून अधिकृत शिक्का नाही. म्हणून कुठे पाच वाचाल, कुठे नऊ. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

४. मुलीच्या परीक्षेत ग्रह आठ लिहायचे की नऊ?

आठ. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. घरात २००६ च्या आधीचं पुस्तक असेल तर त्यात नऊ सापडतील. ते फेकू नका; मुलीला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवा.

५. प्लूटोने असं काय केलं, म्हणून त्याला ग्रहांतून काढलं?

प्लूटोने काहीच केलं नाही. त्याचे शेजारी सापडले.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो या तरुणाला प्लूटो सापडला. २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या दोन काचपट्ट्या तो आलटून पालटून पाहत होता. हजारो ठिपके जागच्या जागी होते, एकच ठिपका सरकला होता. तेव्हा समज असा होता की हा पृथ्वीच्या तोडीचा ग्रह असणार. पुढे प्रत्येक नव्या मोजमापात तो लहान होत गेला. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टी यांना त्याचा चंद्र शॅरन सापडला, त्यामुळे प्लूटोचं वजन नीट काढता आलं, आणि ते पृथ्वीच्या चारशे-पाचशेव्या हिश्श्याएवढं भरलं. आपला चंद्रसुद्धा त्याहून कितीतरी जड आहे.

१९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांनी हवाई बेटावरच्या मौना केआवरून नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक पिंड शोधला. मग रांगच लागली. या प्रदेशाला क्युपर पट्टा म्हणतात. जानेवारी २००५ मध्ये माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांना २००३ च्या छायाचित्रांत एरिस सापडला, जवळजवळ प्लूटोएवढाच. आता प्लूटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह, आणि उद्या सापडेल तोही ग्रह. प्रागमध्ये आधी मांडलेल्या मसुद्यात तर सेरेस, शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह होते! तो मसुदा टिकला नाही. शेवटी मतदान झालं ते तीन अटींच्या व्याख्येवर.

हे पूर्वीही एकदा घडलंय, आणि ते माहीत असलं की प्लूटोबद्दलची रुखरुख बरीच कमी होते. १ जानेवारी १८०१ रोजी ज्युझेप्पे पियाझ्झी यांना सिसिलीतल्या पालेर्मोहून सेरेस दिसला. त्याला ग्रह म्हटलं गेलं. पाठोपाठ पॅलास, जुनो, व्हेस्टा सापडले, तेही ग्रह. जवळपास अर्धशतक पुस्तकांत ते ग्रह म्हणूनच छापले जात. मग असे पिंड डझनांनी सापडू लागले आणि त्यांचा वेगळा वर्ग करावा लागला. सेरेस तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. लोक मला म्हणतात, प्लूटोवर अन्याय झाला. मला मनापासून वाटतं की १९३० पासून एकटा समजला गेलेला हा गोल एका भल्यामोठ्या गोतावळ्यातला निघाला, ही त्याच्या गोष्टीतली सगळ्यांत आनंदाची घटना आहे.

६. "वाट मोकळी केलेली असणे" म्हणजे काय? पृथ्वीच्या वाटेवरही दगड येतातच की.

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि शब्दशः घेतलं तर ती अट कोणताच ग्रह पुरी करत नाही. गुरूच्या वाटेवर तर त्याच्या पुढेमागे हजारो लघुग्रह चालतात. अटीचा खरा अर्थ असा, की त्या वाटेवर हुकूम कोणाचा चालतो? गुरूच्या वाटेवरचे ते लघुग्रह गुरूच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत. पृथ्वीचं वस्तुमान तिच्या वाटेवरच्या बाकीच्या सगळ्या ऐवजाच्या सुमारे १७ लाख पट भरतं. प्लूटोचं हेच गुणोत्तर एक दशांशाहूनही कमी आहे. म्हणजे त्याच्या प्रदेशात त्याच्याहून जास्त माल इतरांच्या रूपात पसरलेला आहे. यामध्ये "थोडासा कमी पडला" असं काही नाही, दरी प्रचंड आहे.

तरी ही अट सगळ्यांना पटलेली नाही. प्लूटोकडे यान पाठवणाऱ्या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, गोल कसा घडलाय ते पाहा, शेजारी कोण आहेत ते कशाला? भूविज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. गतीच्या गणिताच्या बाजूने पाहिलं तर संघाची अट योग्य वाटते.

७. हे सगळे किती लांब आहेत? किलोमीटरचे आकडे डोक्यात बसत नाहीत.

माझ्याही नाही बसत. म्हणून आम्ही मुलांना गोव्याच्या रस्त्यावर सूर्यमाला मांडून दाखवतो. सूर्य ठेवू पणजीच्या बसस्थानकावर, आणि पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, धरू एक किलोमीटर. या मापात सूर्य नऊ मीटरचा, तीन मजली घराएवढा. पृथ्वी एका किलोमीटरवर, मोसंब्याएवढी. गुरू रायबंदरला, शनी जुन्या गोव्याजवळ, युरेनस बाणस्तारी ओलांडून म्हार्दोळच्या अलीकडे, आणि नेपच्यून फोंड्यात. अंतरं ढोबळ आहेत, पण कदंबाच्या बसने रोज जाणाऱ्याला ती पायाखालची वाटतात.

प्लूटो सध्या फोंड्याच्या पुढे पाच किलोमीटरवर आहे. त्याची वाट लंबवर्तुळाकार असल्याने तो कधी फोंड्यातच येतो, तर कधी धारबांदोडा मागे टाकून मोलेच्या वाटेला लागतो. एरिस तर अनमोडचा घाट चढून पार लोंढ्याच्या बाजूला पोचलेला.

आता आकार. या मापात प्लूटो दीड सेंटीमीटरचा, एका करवंदाएवढा. एरिसही तेवढंच करवंद. प्लूटोचा शॅरन म्हणजे करवंदापासून १३ सेंटीमीटरवर ठेवलेला चणा. पणजीतल्या एका घराएवढ्या दिव्याच्या उजेडात लोंढ्याजवळचं एक करवंद शोधायचं, हे काम माणसांनी केलंय.

या मापात प्रकाशाचा वेग ताशी सात किलोमीटर येतो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा. पणजीहून निघालेला प्रकाश आठ मिनिटांत पृथ्वीवर, आणि प्लूटोला पोचायला त्याला पाच तासांना थोडा वेळ कमी.

८. प्लूटो नेपच्यूनची वाट ओलांडतो. मग टक्कर होणार नाही का?

नाही. १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तेव्हाही दोघांत अफाट अंतर होतं. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या बरोबर दोन. धालोंमध्ये दोन रांगा समोरासमोर येतात आणि मागे सरतात, ताल ठरलेला असल्याने कोणी कोणावर आदळत नाही, तसंच हे. प्लूटो जेव्हा आतल्या बाजूला येतो तेव्हा नेपच्यून हमखास दुसरीकडे असतो. शिवाय प्लूटोची वाट १७ अंशांनी कललेली आहे. गंमत म्हणजे प्लूटो नेपच्यूनपेक्षा युरेनसच्या जास्त जवळ येऊ शकतो.

९. गोव्यातून प्लूटो दिसेल का?

नुसत्या डोळ्यांनी नाही, द्विनेत्रीतूनही नाही. त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा जितका मोठा तितका गोल अंधूक), सध्या १४ च्या थोडी पुढे आहे. अगदी काळोख्या जागी डोळ्यांना दिसणारा सगळ्यांत अंधूक तारा सहाव्या प्रतीचा धरला, तर प्लूटो त्याच्या सुमारे दोन हजार पट अंधूक. दहा-बारा इंची आरशाची दुर्बीण, चांगला नकाशा आणि भरपूर सबुरी लागते.

गोव्याची खास अडचण पावसाची. सध्या प्लूटो मकर राशीत आहे आणि रात्रभर आकाशात असतो तो जुलैच्या अखेरीस. तेव्हा आपल्याकडे आभाळ फाटलेलं असतं. त्यामुळे आपल्याला उरतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, काळोख पडल्यावर नैर्ऋत्येकडे. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. गोवा साडेपंधरा अक्षांशावर असल्याने दक्षिणेकडची ही रास आपल्याकडे क्षितिजापासून पन्नास अंशांपर्यंत वर चढते. युरोपातल्या निरीक्षकांना ती छपरांना घासून जाताना दिसते. किनारपट्टीवर आणि पणजीत उजेडामुळे आशाच नको. वाळपईच्या पुढे, सांग्याच्या आतल्या गावांत किंवा काणकोणच्या डोंगराळ भागात जा.

आम्ही एकदा कार्तिकातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात वाळपईच्या पुढे एका मित्राच्या कुळागराबाहेरच्या मोकळ्या जागी बारा इंची दुर्बीण लावली. व्हाळाचा आवाज, सुपारीच्या शेंड्यांवर काळोख, आणि दंव इतकं की दर दहा मिनिटांनी शोधक दुर्बिणीची काच पुसावी लागे. नकाशात जिथे प्लूटो असायला हवा होता तिथे चार-पाच बारीक ठिपके होते. कोणता कोण, सांगता येईना. मी लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात सगळे ठिपके वहीत काढून घेतले. चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी गेलो, पुन्हा काढले. दोन्ही पानं शेजारी धरली तेव्हा एक ठिपका सरकलेला होता. टॉम्बोने सहा दिवसांच्या अंतराने जे पाहिलं तेच आम्ही चार दिवसांच्या अंतराने पाहिलं. दुर्बिणीत त्याचं काहीच दिसत नाही, रंग नाही, आकार नाही, आणि तरी त्या रात्री घरी परतताना गाडीत कोणी बोलत नव्हतं.

एरिस, हौमेया आणि माकेमाके हे १७ ते १९ प्रतीचे, त्यामुळे घरच्या दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहायचा विचार सोडून द्या. सेरेस मात्र योग्य महिन्यांत साध्या द्विनेत्रीतून दिसतो. सुरुवात त्याच्यापासून करा.

दुर्बीण विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा, हा माझा सगळ्यांना सल्ला असतो. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून 'असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी'ने वर्षानुवर्षं लोकांना आकाश दाखवलं. गोव्यात कितीतरी जणांनी शनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

१०. मोबाइलच्या ॲपमध्ये प्लूटो ठळक दिसतो. मग वर का दिसत नाही?

ॲप जागा दाखवतं. तेज किती, हे तो गोळा रंगवताना सोडून देतं. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रतीची मर्यादा सहावर आणा, म्हणजे तुमच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच पडद्यावर उरेल. बाकीचं प्रश्न ९ मध्ये.

११. प्लूटोवरचं ते हृदय खरं आहे, की फोटो रंगवलेला आहे?

हृदय खरं, रंग वाढवलेले. १९ जानेवारी २००६ रोजी निघालेलं न्यू होरायझन्स यान साडेनऊ वर्षं प्रवास करून १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेलं. थांबणं शक्यच नव्हतं, वेग फार होता. यानावर टॉम्बो यांच्या अस्थींचा थोडा अंश होता. निघालं तेव्हा प्लूटो ग्रह होता, पोचलं तेव्हा बटुग्रह. इतक्या लांबून माहिती इतकी धिम्या गतीने येत होती की त्या एका भेटीची सगळी नोंद पृथ्वीवर उतरायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं.

प्रसिद्ध झालेल्या चित्रांत रंग मुद्दाम गडद केलेले असतात, म्हणजे निरनिराळे बर्फ ओळखता यावेत. डोळ्यांना प्लूटो फिकट तपकिरी दिसला असता. हृदयाच्या डाव्या पाळीला स्पुटनिक प्लॅनिशिया म्हणतात. सुमारे हजार किलोमीटर रुंदीचं हे मैदान गोठलेल्या नायट्रोजनचं आहे, आपण श्वासात घेतो त्या हवेतला मुख्य वायू तिथे बर्फ होऊन पसरलेला. त्यावर उल्कांचा एकही खड्डा सापडत नाही. म्हणजे पृष्ठभाग ताजा आहे. चुलीवरच्या पेजेत जसा गरम भाग वर येतो आणि कडेने खाली उतरतो, तसा तो बर्फ अतिशय संथपणे वरखाली होतोय आणि जमीन सारवल्यासारखी नवी होते. मैदानाच्या कडेला पाण्याच्या बर्फाचे डोंगर आहेत, कारण उणे २३० अंशांच्या आसपास पाणी खडकासारखं कठीण असतं. त्यांतल्या एका रांगेला शेर्पा तेनझिंग यांचं नाव दिलंय. ती सहा किलोमीटरांहून उंच आहे.

मेलेला, थिजलेला गोळा दिसेल असं अनेकांना वाटलं होतं. निघालं हे.

१२. प्लूटोवर उभं राहिलं तर काय दिसेल? (हा प्रश्न नेहमी लहान मुलांचा)

सूर्य एक झगझगीत ठिपका दिसेल, तरी पौर्णिमेच्या चंद्राच्या काही शे पट प्रखर. त्या उजेडात पुस्तक आरामात वाचता येईल. विरळ हवेमुळे क्षितिजावर निळसर धुक्याचे थर दिसतील. पृथ्वीवर ५० किलो भरणाऱ्याचं वजन तिथे तीन किलोच्या आसपास. दिवस-रात्र मिळून आपले सहा दिवस नऊ तास. आणि योग्य बाजूला उभे असाल तर आकाशात आपल्या चंद्राच्या सातपट रुंद शॅरन, कधीही न उगवणारा, कधीही न मावळणारा, एकाच जागी टांगलेला. कारण पुढच्या उत्तरात.

१३. शॅरन प्लूटोचा चंद्र आहे की जोडीदार?

शॅरनचा व्यास १,२१२ किलोमीटर, प्लूटोचा २,३७७. म्हणजे निम्म्याहून मोठा. दोघं एकमेकांना कायम एकच बाजू दाखवतात, हात धरून फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे. ज्या बिंदूभोवती दोघं फिरतात तो प्लूटोच्या पोटात नाही, पृष्ठभागापासून ९०० किलोमीटरांहून वर, उघड्या अवकाशात आहे. म्हणून काहीजण यांना जोड-बटुग्रह म्हणतात. अधिकृतपणे शॅरन आजही चंद्रच. बाकीचे चार चंद्र, निक्स, हायड्रा, कर्बेरोस आणि स्टिक्स, अगदी लहान आहेत.

१४. आपला चंद्र प्लूटोपेक्षा मोठा, मग तो बटुग्रह का नाही?

तो पृथ्वीभोवती फिरतो म्हणून (प्रश्न १). गुरूचा गॅनिमीड आणि शनीचा टायटन तर बुध ग्रहाहूनही मोठे आहेत, पण चंद्रच.

खरा अपवाद नेपच्यूनच्या ट्रायटनचा. तो नेपच्यूनच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो. जन्मापासूनचा चंद्र असं करत नाही. त्यामुळे तो मुळात क्युपर पट्ट्यातला स्वतंत्र गोल असावा आणि नेपच्यूनने त्याला पकडलं असावं, असं मानतात. तसं असेल तर प्लूटोपेक्षा मोठा, २,७०० किलोमीटर व्यासाचा एक बटुग्रह आज चंद्र होऊन राहिलाय, आणि १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ने त्याची छायाचित्रंही घेतली. प्लूटोच्या जातीचा गोल आपण जवळून पहिल्यांदा पाहिला तो बहुधा तेव्हाच.

१५. हौमेया अंड्यासारखा लांबट आहे. मग "गोल असला पाहिजे" ही अट?

अटीत शब्द गोल असा वापरतात, पण अपेक्षा आहे ती गुरुत्वाकर्षण आणि फिरणं यांचा तोल साधून आलेल्या आकाराची. हौमेया चार तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती एक गिरकी घेतो. कुंभाराच्या चाकावरचा गोळा वेगाने फिरवला की बाजूंना पसरतो, तसा तो ताणला गेलाय. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, सर्वांत आखूड बाजूने जेमतेम हजार.

२१ जानेवारी २०१७ रोजी हौमेया एका ताऱ्यासमोरून गेला आणि युरोपातल्या वेधशाळांनी ते टिपलं. याला पिधान म्हणतात. रात्री मांडवीच्या काठावर बसलात तर दिवा नसलेली होडी दिसत नाही, पण पलीकडच्या तीरावरचे दिवे एकेक विझून पुन्हा लागतात, त्यावरून होडी केवढी ते कळतं. तसंच. त्या रात्री तारा मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतरही क्षणभर मंदावला, त्यावरून हौमेयाला कडं आहे हे समजलं. याच पद्धतीने १९८८ मध्ये प्लूटोची हवा पक्की झाली होती, आणि २०२३ मध्ये क्वावारचं कडं जाहीर झालं. ते कडं गणिताप्रमाणे जिथे असायला हवं त्याच्या बरंच बाहेर आहे. तिथल्या खड्यांचा एव्हाना चंद्र व्हायला हवा होता. तो का झाला नाही, यावर अजून काम चालू आहे.

१६. मोठा कोण, एरिस की प्लूटो?

रुंदीने प्लूटो: २,३७७ विरुद्ध एरिसचे २,३२६ किलोमीटर. वजनाने एरिस, सुमारे २७ टक्क्यांनी जास्त. त्यामुळे "सगळ्यांत मोठा बटुग्रह" कोणता, याचं उत्तर काय मोजताय त्यावर. एरिस हे ग्रीक कलहदेवतेचं नाव. ते सप्टेंबर २००६ मध्ये दिलं, आणि तेव्हाचे वाद आठवले की ते नाव चपखल बसतं. एरिसला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला साडेपाचशेहून अधिक वर्षं लागतात.

१७. सेडना क्युपर पट्ट्यात येतो का?

येत नाही, आणि तिथेच तो सगळ्यांना कोड्यात टाकतो. प्रश्न ७ च्या मापात सेडना सूर्याच्या जवळात जवळ आला तरी ७६ किलोमीटरवर, आणि लांब गेला की शेकडो किलोमीटरवर. एका फेरीला अकरा हजार वर्षांच्या आसपास. नेपच्यूनचा हात तिथे पोचत नाही, मग त्याला अशा वाटेवर कोणी ढकललं? सूर्याच्या जन्माच्या वेळी जवळून गेलेला एखादा तारा, किंवा अजून न दिसलेला ग्रह (प्रश्न २०). २०७६ च्या सुमारास तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. आज शाळेत असलेली मुलं ते पाहतील.

१८. प्लूटोचं भाकीत एका मराठी माणसाने केलं होतं, हे खरं का?

हो, आणि ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती फुगवून सांगितली जाते किंवा अजिबात सांगितली जात नाही. 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशाने शिक्षक. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं. नावं सुचवली ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी आतल्या तिघांच्या फेऱ्यांत जो १:२:४ असा मेळ आहे, तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत धरून त्यांनी गणित केलं. ब्रह्माचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट काढलं आणि फेरीचा काळ २४२.२८ वर्षं. प्लूटोचं सरासरी अंतर ३९.५ पट आणि काळ २४८ वर्षं. इतकं जवळ!

पण तो आकाशात कुठे दिसेल हे त्यांनी सांगितलं नव्हतं, विष्णू कधी सापडला नाही, आणि प्लूटो-नेपच्यूनचा खरा मेळ त्यांनी धरला त्याहून वेगळा निघाला (प्रश्न ८). टॉम्बोची वेधशाळा उभारणाऱ्या पर्सिव्हल लॉवेल यांनीही नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्याचं भाकीत केलं होतं, तेही योगायोगच ठरलं. युरेनसवरच्या ज्या ओढीमुळे पलीकडे ग्रह असावा असं वाटत होतं, ती ओढ व्हॉयेजर २ ने नेपच्यूनचं वजन नीट मोजल्यावर हिशेबातून नाहीशी झाली. केतकर १९३० मध्येच वारले. दुर्बीण हाताशी नसताना वहीवर गणित मांडून सूर्यमालेच्या कुंपणापर्यंत जाणारा हा शिक्षक आपल्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असावा, असं मला फार वाटतं.

१९. प्लूटो ग्रह नाही म्हटल्यावर पत्रिकेतलं स्थान बदलतं का?

देवळातल्या नवग्रहांत प्लूटो कधी नव्हताच. तिथे सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू असे नऊ आहेत. त्या परंपरेत ग्रह म्हणजे ताऱ्यांमधून सरकताना दिसणारं, म्हणून सूर्य-चंद्रही ग्रह. राहू-केतू तर गोल नाहीतच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू आहेत ते. शब्द एक, अर्थ दोन. २००६ च्या मतदानाने पंचांगातलं एकही पान बदललेलं नाही. आणि पाच अब्ज किलोमीटरवरचा तो गोल कोणाचं लग्न किंवा नोकरी अडवतो, याला खगोलशास्त्रात काहीही आधार नाही. काळजीने विचारणाऱ्या आयांना मी हे स्पष्ट सांगतो.

२०. मग खरा नववा ग्रह सापडलाय म्हणतात, तो कोणता?

सापडलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी दाखवलं की सेडनासारख्या काही लांबच्या पिंडांच्या वाटा एकाच बाजूला कललेल्या दिसतात, आणि पृथ्वीच्या काही पट जड असा एक ग्रह फार दूर असेल तर त्याचं कारण मिळतं. इतर शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आपण आकाशाचे ठरावीकच तुकडे नीट धुंडाळलेत, म्हणून तसा भास होतो. हे ब्राउन म्हणजे एरिस शोधून प्लूटोचं ग्रहपद अडचणीत आणणाऱ्यांपैकीच एक.

याचा निकाल शोधानेच लागेल. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिणेकडचं सगळं आकाश काही रात्रींच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपायचं, असा दहा वर्षांचा बेत आहे. तंत्र टॉम्बोचंच: दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि कोणता ठिपका सरकला ते पाहायचं.